गोड्या पाण्यातलं माप

चारुदत्त फणसळकरांनी आयुष्यभर शिवणकाम केलं, पण अंगावरचा कपडा कधी शिवला नाही. रिक्षांची हुडं, होड्यांवरच्या ताडपत्र्या, ट्रकच्या सीटा, एकदा गावात आलेल्या सर्कशीच्या तंबूला ठिगळ, आणि शेवटची अकरा वर्षं पाणबुड्या माणसांचे पट्टे. मिऱ्याच्या रस्त्याला, घराच्या मागच्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड होती. अख्खी रत्नागिरी त्यांना भाऊ म्हणे. मुलगीही भाऊच म्हणे. भाद्रपदात भाऊ गेले. ज्ञानेश्वरी पुण्याहून आली, ती दिवसकार्य आटोपलं तरी परत गेली नाही. पुण्यात ती एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. ते काम कुठूनही करता येतं, असं तिने कळवलं, आणि ते खरंही होतं. फक्त ती त्यासाठी राहिली होती, एवढं खरं नव्हतं.

शेड मात्र तिने उघडली नव्हती. पौष अर्धा सरला, अपूर्व आला, तेव्हा उघडावी लागली.

अपूर्व मूळचा नाटे गावचा. माशांचा अभ्यास हे त्याचं काम, आणि ते करायला तो माशांच्या घरी जात असे. अंगणात चपला काढून तो आत आला, भाऊंच्या फोटोला हात जोडले आणि तसाच उभा राहिला.

"ताई, भाऊंनी माझं एक काम घेतलं होतं. पुरं झालं की नाही, ठाऊक नाही. विचारायला जीभ रेटत नव्हती."

"मग आज कशी रेटली?"

"नऊ दिवसांनी खाली जायचंय. आता थांबता येत नाही."

शेडमध्ये रबराचा आणि मशीनच्या तेलाचा वास कोंडून राहिला होता. खिडकीपाशी फणसाच्या लाकडाचं एक धड उभं होतं. त्याला डोकं नव्हतं, हात नव्हते. भाऊंनी ते स्वतः तासून घेतलं होतं. त्या धडाच्या अंगावर काळ्या पट्ट्यांचा एक साज चढवलेला होता. काम पुरं झालेलं दिसत होतं. पुरं होऊन वर बरंच उरलेलं दिसत होतं.

साधा पाणबुडा टाकीतली हवा ओढतो आणि पाण्यात सोडतो. बुडबुडे उठतात, मासे पळतात. अपूर्व पाठीवर बांधायचा ते यंत्र वेगळं. त्याला रिब्रीदर म्हणतात. ते सोडलेला श्वास बाहेर जाऊच देत नाही. धुतं, त्यात प्राणवायू मिसळतं आणि तोच श्वास परत देतं. बुडबुडा नाही, आवाज नाही. गोबऱ्यासारखा बुजरा मासाही माणसाला ओंडका समजून अंगाला घासून जातो. पण यंत्र ते यंत्र. वीस वाव, म्हणजे शंभरावर फूट, पाण्याखाली ते बिघडलं, तर दुसरा श्वास जवळ हवा. म्हणून दोन्ही बगलांना दोन छोट्या टाक्या लावायच्या. पाणबुडे त्यांना बेलआउट म्हणतात. भाऊ म्हणायचे, न खायची शिदोरी. दर वेळी बांधून न्यायची, आणि देवाची कृपा असेल तर तशीच परत आणायची.

त्या शिदोरीनेच गेल्या मोसमात अपूर्वचा घात व्हायची वेळ आली होती. भर समुद्रात मालाची एक बार्ज बुडालेली आहे. मच्छीमारांची तुटलेली जाळी वर्षानुवर्षं तिच्यावर जाऊन बसलीत, आणि त्या जाळ्यांच्या आडोशाला गोबरे राहतात. अपूर्वच्या टाक्या तेव्हा छातीच्या कड्यांना टांगलेल्या असायच्या, मांडवाला दुधी लोंबावा तशा. डाव्या टाकीचं बूड जाळ्यात गेलं. तो वळला तसं जाळं आणखी गुरफटलं. त्याची जोडीदार वेदिका बरोबर होती, तिने कापून सोडवला. सात मिनिटं लागली. वर आल्यावर तो कपडेही न बदलता भाऊंकडे आला होता. "भाऊ, माझ्या अंगाच्या रुंदीबाहेर काही म्हणता काही जायला नको. टाक्या अशा बसवा, की त्या माझ्याच फासळ्या वाटतील."

आता त्याने तो साज धडावरून उतरवून अंगात घातला. एक क्लिप लावली. दुसरी लावली. मग मान वाकडी करून पाठीमागे चाचपत राहिला.

"ताई, हे भाऊंनीच केलंय ना?"

"दुसरं कोण करणार?"

"नाही, म्हणजे... मजबूत आहे. फारच मजबूत आहे." पोट भरल्यावर आग्रहाची जिलबी नाकारावी, तसा त्याचा आवाज झाला होता.

ज्ञानेश्वरीलाही दिसत होतंच. एका टाकीला दोन जागा पुरतात. तिची मान काखेखालच्या रबरी फासात अडकवायची, आणि बूड कमरेशी एका क्लिपने धरायचं. दोन टाक्यांना चार जागा. इथे पहिल्या फासामागे दुसरा फास होता, क्लिपशेजारी जोडक्लिप होती, पोटावरून एक आडवी पट्टी होती, दोन्ही खांद्यांवर दोन सुऱ्यांची म्यानं होती, आणि टाकीच्या बुडाशी बांधायच्या पट्ट्यावर एकेक झाकणाचा खिसा. खिशात जाळ्याला लावतात ती शिशं होती, दोन-दोन. जाळ्यात अडकू नये म्हणून करायला घेतलेल्या वस्तूला अडकण्याच्या डझनभर जागा होत्या.

"मी हे असंच नेतो," अपूर्व म्हणाला. "भाऊंच्या हातचं आहे."

"भाऊंच्या हातचं म्हणून घालून बुडणार आहेस?"

तो क्लिपा सोडू लागला.

"ठेव इथे. पाच दिवसांनी ये. टाक्या घेऊन ये, एक भरलेली आणि एक रिकामी."

"तुम्ही करणार?"

"सातवीत होते तेव्हापासून या मशीनवर बसलेय मी. मुद्रितं तपासते म्हणून टाका विसरत नाही कोणी."

तो गेल्यावर ती बराच वेळ धडासमोर बसली. भाऊंचा एकच नियम होता. काम संपलं असं वाटलं, की हात थांबवायचा आणि बघायचं, यातलं काय काढता येतं. लहानपणी तिने हौसेने चार टाके जास्त घातले, तर ते म्हणायचे, "ज्ञाना, हा टाका काय काम करतो ते सांग. सांगता आलं तर राहू दे." सांगता यायचं नाही. ब्लेड हातात मिळायचं.

तो माणूस गेल्या वर्षी वाढवत सुटला होता. शिमग्याच्या सुमाराला त्यांचं हृदय थकलं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ते आरामखुर्चीत बसून झोपत. रविवारी ती फोन करायची. "आज एक पट्टी वाढवली," भाऊ सांगायचे. पुढच्या रविवारी, "आज एक क्लिप वाढवली." ती म्हणायची, बरं. तिला नियम ठाऊक होता. वाढवली हा शब्द तिने ऐकला होता, आणि त्यावर पेन्सिलीने खूणही केली होती मनात. विचारलं मात्र नाही. समोर कुणाच्या तरी कादंबरीचं मुद्रित असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ब्लेड घेऊन बसली.

भाऊंचा टाका उसवणं सोपं नव्हतं. चौकट घालून तिच्यात फुली, तीही दोनदा. आधी तिने आडवी पट्टी काढली. मग जोडक्लिपा. एकेक दोरा चिमटीत धरून ओढताना तिच्या लक्षात आलं, की कोणती गोष्ट कधी शिवलीय ते टाक्यावरून वाचता येतंय. पहिल्या फासाचे टाके रांगोळीच्या ठिपक्यांसारखे होते. आडव्या पट्टीशी ते जरा तिरके झालेले. म्यानांपाशी चौकटीचे कोपरे चुकलेले. आणि बुडाच्या पट्ट्यावरचा तो शिशाचा खिसा, त्याचे टाके तर असे थरथरत गेले होते की बघवेना. तो सगळ्यात शेवटचा असणार. श्रावणातला. रात्री बसून काढणाऱ्या, दम लागणाऱ्या माणसाला एका क्लिपचा भरवसा वाटत नाही, दोनांचाही वाटत नाही. ते तिला कळलं. एवढं कळल्यावर मग सगळ्याच वाढीव गोष्टी तिने एकाच रकान्यात टाकल्या. हात थरथरला म्हणजे मनही थरथरलं होतं, असं तिने धरलं. पाण्यात जाणाऱ्या माणसाला शिसं कशाला? खिसेही तिने काढले.

उसवलेले तुकडे तिने फेकले नाहीत. बिस्किटांच्या डब्यात भरून डबा फळीवर ठेवला.

दुपारी शेजारच्या सगुणाकाकू घावन घेऊन आल्या. भाऊ गेल्याचं पहिल्यांदा त्यांनाच कळलं होतं. सकाळी दुधाची पिशवी दारात तशीच दिसली म्हणून त्या आत डोकावल्या होत्या.

"काय गो, जेवलीस की नाय?"

"जेवते आता."

"दोन वाजले. ह्या काय चाललंय? बापाचा केलेला उसवतेस?"

"जास्तीचं काढतेय, काकू."

सगुणाकाकू धडाकडे बघत राहिल्या. "माज्यासमोर शिवीत ते. मी म्हटलं, भाऊ, निजा जरा. म्हणाले, निजलो की बुडल्यासारखा वाटतो." मग घावनाचं ताट मशीनवर ठेवून म्हणाल्या, "गरम हाय तवर खा. कुणाची वाट बघू नको."

त्या गेल्या. घावन गार झालं तेव्हा तिने खाल्लं.

पाच दिवसांनी अपूर्व टाक्या घेऊन आला. पूर्वीही त्याचं पहिलं माप भाऊंनी घरच्या विहिरीतच घेतलं होतं, तेव्हा यंदाही विहिरीतच बघायचं यात दोघांनाही वेगळं काही वाटलं नाही. चिऱ्यांची विहीर, पाणी आठ-नऊ हात. आंब्याचा मोहोर पाण्यावर पडला होता. अपूर्व पायऱ्यांनी उतरला आणि पाण्यात आडवा झाला. भरलेली टाकी बगलेला चिकटून बसली. मग डाव्या बाजूला रिकामी लावली. टाकीतली हवा संपत जाते तशी ती हलकी होते, बूड वर उचलतं. खरी परीक्षा रिकामीचीच. ज्ञानेश्वरी काठावर पालथी पडून बघत होती. टाकी त्याच्या फासळ्यांच्या रेषेत सरळ राहिली. इकडे नाही, तिकडे नाही.

"ताई, जमलं!" खालून आवाज घुमत आला. "बगलेत वही धरलीय असं वाटतंय."

"हात वर कर. आता वळ. अजून एकदा."

तो वळला. काहीही बाहेर आलं नाही. चार जागा, चारच. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला कुणाला तरी काही दाखवावंसं वाटलं. अपूर्व अंग पुसून निघून गेल्यावरही ती विहिरीपाशी थांबली होती.

ठरल्या दिवशी पहाट फुटता फुटता ती मिरकरवाड्याच्या धक्क्यावर गेली. होडी भागोजींची. साठीचा माणूस, हनुवटीवर पांढरे खुंट, भाऊंना पंचवीस वर्षं ओळखणारा. बर्फ चढला होता, टाक्या चढल्या होत्या, वेदिका यंत्रांच्या नळ्या तपासत होती. इंजिन सुरू झालेलं. विहिरीवरून आणलेली रिकामी टाकी अपूर्वच्या गाडीतच राहिली होती, ती तो धक्क्यावर उतरवून ठेवत होता.

भागोजींनी नवा साज हातात घेऊन उलटापालटा केला. "हां. हा कसा भाऊंचा वाटतो. श्रावणात घरी गेलेलो तवा दाखवलान तो म्हंजे वाण्याचा दुकान व्हता." मग त्यांचा अंगठा बुडाच्या पट्ट्यावर थांबला. "शिशाचा खिसा कुठं हाय?"

"काढला."

"खाऱ्या पाण्यात बघितलंस?"

"विहिरीत बघितलं. रिकामी टाकी सरळ राहिली."

"इहिरीत तं ऱ्हाणारच गो. गोडा पाणी ता." भागोजी हसले, पण थोडंच. "इहिरीत भाऊ पयलं माप घेत. खरा माप हितं, या पायऱ्यांवर. खारा पाणी वस्तू वर ढकलता. लोखंडाच्या टाकीला फरक नाय पडत, ह्या अॅल्युमिनियमच्या."

अपूर्वने मागे वळून पाहिलं नाही. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नव्हतं. ज्ञानेश्वरी उभी राहिली. सगळी तयारी झालेली. पाणी शांत, असा दिवस पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. टाक्या भरून चालल्यात आणि भरलेली टाकी जड असते, ती कुठेही जात नाही. रिकामी होणार ती फक्त यंत्र बिघडलं तर. यंत्र बिघडणार नाही. गेल्या तीन वर्षांत बिघडलेलं नाही. हे सगळं तिच्या मनात एकामागून एक आलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. न खायची शिदोरी नासकी असली तर चालेल, असंच ती म्हणत होती.

"इंजिन बंद करा," ती म्हणाली.

"काय?"

"बंद करा, भागोजीकाका. अपूर्व, रिकामी टाकी आण. पायऱ्यांवर बघायचंय."

"ताई, तीन तासांचा रस्ता आहे. उशीर केला तर—"

"माझी चूक झालीय. आण."

धक्क्याच्या पायऱ्यांना शेवाळ होतं. अपूर्व कंबरभर पाण्यात उतरला, मग आडवा झाला. क्षणभर टाकी बगलेशी राहिली. मग कुणीतरी हळूच शेपूट धरून उचलावं तसं तिचं बूड वर आलं, त्याच्या पाठीच्या रेषेच्या वर, चांगलं वीतभर. तो वळला तसं ते बाहेर फाकलं. जाळ्यात जायला एवढं पुरे होतं.

अपूर्व उठून उभा राहिला, तोंडावरून पाणी निथळत होतं. "माझ्या लक्षात यायला हवं होतं," तो म्हणाला. "पूर्वीच्या टाक्या लोखंडी होत्या. या अॅल्युमिनियमच्या घेणार, एवढं भाऊंना सांगितलं होतं, पण..."

"तुझ्या नाही. माझ्या."

श्रावणात भाऊंना या पायऱ्या उतरता येत नव्हत्या. घरातून शेडपर्यंत जायलाही मध्ये टेकावं लागायचं. समुद्र न बघता, टाकी पाण्यात न घालता, त्यांनी आरामखुर्चीत बसून हे वीतभर बूड मनाने मोजलं होतं आणि तेवढं शिसं बरोबर दोन तुकड्यांत बसवलं होतं. थरथरत होता तो हात. डोकं थरथरत नव्हतं. ती थरथर बघून तिने सबंध माणसावरच काट मारली होती. बाकीच्या गोष्टी भीतीने वाढवल्या असतील, असतीलही. आता त्याही खात्रीने सांगता येत नव्हत्या. विचारायला कोणी नव्हतं.

"दाभण आहे?" तिने भागोजींना विचारलं.

"दाभण हाय, जाळ्याचा दोरा हाय. कापड?"

कापड म्हणून एका फाटक्या लाइफजॅकेटचा पट्टा निघाला. शिशं जाळ्यावरून सोडली. ज्ञानेश्वरी धक्क्यावर मांडी घालून बसली आणि शिवू लागली. दाभण जाड पट्ट्यातून जाईना, तेव्हा भागोजींनी चामड्याचा तुकडा तळहाताला बांधून दिला. मिरकरवाड्यात तोवर लिलाव सुरू झाला होता, सुरमईचे आकडे ओरडले जात होते, बायका टोपल्या घेऊन तिला वळसा घालून जात होत्या. एकीने विचारलंच, "भागोजीनू, ही कोण नवी?" भागोजी म्हणाले, "फणसळकर भाऊंची." त्यावर ती बाई टोपली सांभाळत पुढे गेली.

एक शिसं घालून बघितलं. बूड अजून बोटभर वर. दोन घातली. टाकी फासळीच्या रेषेत आली आणि तिथेच राहिली. बरोबर दोन.

होडी सुटायला पावणेदोन तास उशीर झाला. ज्ञानेश्वरीही बरोबर निघाली.

जागेवर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सगळीकडे पाणीच, जमिनीची रेघही नाही. भागोजींनी दोरखंड खाली सोडला. "एकवीस वाव," ते म्हणाले. वेदिका आधी उतरली, मग अपूर्व. दोघांनी अंगठा आणि बोट जुळवून खूण केली. पाणी मिटलं.

ज्ञानेश्वरीने आजवर पाणबुडे पाहिले होते ते धक्क्याजवळ, साध्या टाक्यांचे. माणूस खाली गेला तरी त्याचे बुडबुडे वर येत राहतात, तो कुठे आहे, कसा श्वास घेतोय ते कळत राहतं. इथे काहीच आलं नाही. दोन माणसं गिळून समुद्र जसा होता तसा राहिला.

"पयल्या टायमाला मी बी घाबरलेलो," भागोजी बिडी पेटवत म्हणाले. "बुडबुडा आला म्हंजे माणूस जिता. ह्यांचा काय कळतच नाय. आता वर येताना फुगा सोडतील. नारंगी आला तं सगळा बरा. पिवळा आला तं यंत्र बसला, बगलेतल्या टाकीवर येतायत."

"किती वेळाने?"

"पाऊण तास. जास्त बी."

ती पाण्याकडे बघत बसली. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघत राहिली. भाद्रपदातल्या त्या सकाळी ती पुण्याच्या खोलीत चहा करत होती. चहा नेहमीसारखा झाला होता. पेपर नेहमीसारखा वाचला होता. सगुणाकाकूंचा फोन येईपर्यंत एक तास चाळीस मिनिटं ती, भाऊ आहेत असं धरून चालली होती. वर काहीच आलं नव्हतं.

"भाऊ आले होते कधी इथवर?" तिने विचारलं.

"इतक्या लांब? नाय. भाऊंना होडी लागायची." भागोजी हसले. "तुला ठाऊक नाय? धक्क्यावरून पाय उचलला की तोंड हिरवा. पाणबुड्यांचे पट्टे शिवी, आणि सोता कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नाय."

तिला ठाऊक नव्हतं. ती हसली, आणि मग हसणं अर्ध्यावर सोडून पलीकडे बघू लागली. भागोजींनी काम नसताना दोर आवळला.

पन्नासाव्या मिनिटाला, होडीपासून वीसेक हातांवर, पाणी फुटून फुगा उभा राहिला. नारंगी.

वर यायला त्यांना आणखी चाळीस मिनिटं लागली. अंगातला दाब हळूहळू उतरवत, ठरल्या खोलीवर थांबत यावं लागतं. अपूर्वचं डोकं पाण्याबाहेर आलं, त्याने तोंडातली नळी काढली आणि पहिलं वाक्य ओरडला ते माशांबद्दल होतं. "भागोजीकाका, केवढा गोबरा! म्हशीएवढा!"

"म्हस नको सांगू, किलो सांग," भागोजी म्हणाले.

होडीत आल्यावर तो ज्ञानेश्वरीपाशी बसला. दात वाजत होते. "जाळ्यांच्या खालून गेलो, ताई. दोन्ही वेळा. येताना शेवटच्या थांब्यावर मुद्दाम डाव्या टाकीवर श्वास घेतला, पार काटा खाली येईपर्यंत. बूड हललं नाही."

"कुठेच अडकलं नाही?"

तो वेदिकेकडे बघू लागला.

"सांग ना," वेदिका म्हणाली. "त्यांना सांगायला नको तर कुणाला?"

"एकदा. उजवीकडे खाली. एकच धागा होता, मी हातानेच सोडवला. दहा सेकंदही नाही."

ज्ञानेश्वरीने पट्टा जवळ ओढला. उजवा खिसा. तिचीच शिवण. दाभणीच्या टाक्यांच्या शेवटी मारलेली जाड गाठ बाहेरच्या अंगाला राहिली होती, वाटाण्याएवढी. गाठ आत घ्यायची असते. सातवीतल्या मुलीलाही ते ठाऊक असतं. घाईत, धक्क्यावर, लोक बघत असताना, तिने ती बाहेर मारली होती.

"ही माझी," ती म्हणाली. "भाऊंची नाही."

"दहा सेकंद, ताई."

"दहा सेकंद का असेना." तिने भागोजींकडून ब्लेड मागून घेतलं, गाठ कापली, चार टाके उसवले आणि दोरा आतल्या बाजूने घेऊन पुन्हा शिवू लागली. होडी परतीला लागली होती. लाटेबरोबर दाभण दोनदा बोटात गेली. शिवून झाल्यावर तिने त्या जागेवरून अंगठा फिरवला, मग डोळे मिटून पुन्हा फिरवला. काही लागलं नाही.

अपूर्व फळीवर आडवा होऊन झोपला होता. वेदिका ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून समोर येऊन बसली.

"ताई, माझ्या टाक्या अजून जुन्याच पद्धतीने टांगलेल्या आहेत. गेल्या वेळी तो अडकला, पुढच्या वेळी मी अडकेन. मला कराल एक? म्हणजे... तुम्ही इथे असाल तर."

ज्ञानेश्वरीने दाभण बाजूला ठेवली. किनाऱ्याची रेघ आता दिसू लागली होती.

"उभी राहा," ती म्हणाली. "हात बाजूला."

टेप नव्हता. तिने जाळ्याचा दोरा घेतला. होडी हलत होती, वेदिकाने एका हाताने डोलकाठी धरली.

"श्वास भरून घे. पूर्ण. माप भरल्या छातीचं घ्यायचं असतं. सोडू नको."

वेदिकाने श्वास भरला. ज्ञानेश्वरीने दोरा काखेखालून फिरवला, जिथे टोक आलं तिथे चिमटीत धरला, आणि वितींनी मोजला.

"चार विती, तीन बोटं," ती मोठ्याने म्हणाली.

शेडमध्ये मापं अशीच घेतली जायची. भाऊ आकडा मोठ्याने सांगायचे, आणि लिहिणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा, म्हणजे चूक राहत नाही. लिहायला तीच असायची. आता होडीवर इंजिनाचा आवाज होता. भागोजी समोर बघत सुकाणू धरून होते, अपूर्व झोपला होता, वेदिका गाल फुगवून श्वास कोंडून उभी होती.

"चार विती, तीन बोटं," ज्ञानेश्वरी पुन्हा म्हणाली, आणि दोऱ्याला त्या जागी गाठ मारली. "सोड आता."